तांबड्या पाण्याच्या बाटल्या

१२ जानेवारी १९८६

कालेजात संप, म्हणून नातू भुजंग बोरीला आला. या वयात पोरं बायको आणतात, ह्यानं बाटल्या आणल्या. आत तांबडं पाणी, तोंडाला घट्ट रबरी बूच. म्हणं, त्यात डोळ्याला न दिसणारे जीव हाईत. ऊन खातात, हायड्रोजन सोडतात — हा शब्द त्यानंच लिहून दिला. त्या गॅसवर यंत्रात वीज तयार व्हती. धूर न्हाई, राख न्हाई, नुसतं पाणी निघतं.

मी म्हणलं, वीज ऱ्हाऊ दे, हंडाभर पाणी तेवढं काढ.

१५ जानेवारी

भुजंग यंत्र आणायला परभणीला गेला. बाटल्या आज्याच्या गळ्यात. "रोज उन्हात ठेव आजा. बूच काढू नको, हवा लागली की सपलं."

म्हातारा दिवसभर बाटल्यांपाशी. माझ्यापाशी एवढा कधी बसला न्हाई. मला म्हणतो, "जीव हाय म्हणतो आन् तोंड बांधतो. दम घ्यायला नको व्हय त्यांला?"

"तुमचंच बांधायला पायजे व्हतं," म्हणलं.

२८ जानेवारी

पाणी फिकं पडायलंय. म्हातारा म्हणतो, थंडीनं.

३ फेब्रुवारी

म्हातारा गेला. उन्हात, बाटल्यांजवळ, बसल्या जागी.

५ फेब्रुवारी

मढं उचललं की घरात साठलेलं पाणी ठेवत न्हाईत. सून कडूबाईनं रांजण, हंडे, सगळं पालथं केलं. बाटल्याबी मोरीत ओतल्या. रीतच हाय.

भुजंग मातीला आला. रिकाम्या बाटल्या बघून आईला एवढंच म्हणला, "माझी दोन वर्षांची मेहनत मोरीत ओतलीस."

१६ फेब्रुवारी

म्हाताऱ्याचे दिवस झाले. भुजंग आईच्या हातचं न जेवता गेला. कडूबाई वाळायलीय. खा म्हणलं तर, "माझ्याच हातानं झालं, आत्याबाई."

२६ मार्च

शिमग्याला भुजंग आला न्हाई. त्याच्या वाटणीची पोळी कडूबाईनं शिंक्यात ठेवली. तिला कोण सांगावं, पोळी वाट बघत न्हाई, विटती.

२७ मार्च

मोरी उपसली. गाळात बुचं निघाली. एकूण एक बुचाला आरपार भोक. दाभणाचं.

पोती शिवायचं दाभण ह्या घरात म्हाताऱ्याशिवाय कुणी धरलं न्हाई.

२८ मार्च

बुचं धुवून फडक्यात बांधली, कडूबाईच्या हातात दिली. परभणीच्या गाडीत बसवून आले. "पोराला दाखव. म्हणावं, मी ओतलं ते आधीच मेलेलं व्हतं."

दाभण मात्र दिलं न्हाई. ते माझ्यापाशी ऱ्हाऊ दे.