मोठ्यांनी बोलायचं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

जर्मनीहून लोक येणार. आपल्या दुकानात! इतवाऱ्यातल्या अब्दुल गफ्फार गादीवाल्याच्या दुकानात!

सकाळी करिश्मा आली. मागच्या वर्षी आईसाठी गादी भरून नेली होती ती पोरगी. नर्सबाईंना जर्मन शिकवायचा क्लास आहे तिचा. मला वाटलं गादी बसली, तक्रार घेऊन आली. मी आधीच सुरू झालो — उन्हात टाका, उलटीपालटी करा. ती हसायलाच लागली. "चाचा, आयकून तं घ्या! जर्मनीत पोरायसाठी एक वेगळं च्यानल आहे. किका नाव. सरकारचं नाही, शेठजीचंबी नाही, लोकं घरोघरी वर्गणी भरतात त्याच्यावर चालते. ते फिलिम काढून राहिले — जगातली पोरं कशावर झोपतात. त्यायले गादीवाल्याच्या घरचं लेकरू पाह्यजे."

घरात लेकरू आहेच. आमची नात अलीझा, परवेजची मुलगी, बारा वर्षांची, सातवीत. फक्त ती बोलत नाही. मुकी नाही, अल्लाची मेहरबानी! पण कुणी काही विचारलं की खाली बघते. लाजाळू आहे.

त्या चॅनेलवर एकही जाहिरात नसते म्हणे. आणि रात्री नऊला चॅनेलच बंद — पोरांनी झोपावं म्हणून! घरी बायकोला, सिताराला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "किका? नाम तो बकरी का लगता है।"

४ नोव्हेंबर

घरात सांगितलं नाही ते इथे लिहितो. भातकुलीच्या मराठी शाळेत गुरुजींनी रोजनिशीची सवय लावली, ती याच्यासाठीच असावी.

शेजारच्या देवानंदचं फोमच्या गाद्यांचं दुकान. त्याला गोदामासाठी आपली जागा हवी आहे. "पक्कं काय ते तीस तारखेले सांगा चाचा, एक तारखेपासून मी घेतो." माझं मन हो म्हणण्याकडेच आहे. अब्बांनी इथे बसून कापसाचं पिंजण वाजवलं, मी पिंजायची मशीन आणली, आणि पुढे? परवेजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान चांगलं चाललं आहे. त्यानं तर तोंडावरच सांगून टाकलं, "अब्बा, मले कापसानं शिंका येतात." पिंजाऱ्याच्या पोराला कापसाच्या शिंका! हसावं की रडावं.

म्हणून ही फिल्म व्हायला हवी. कुलूप लागण्याआधी कुणीतरी दुकान एकदा नीट बघून घ्यावं, एवढंच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फिल्मवाल्या बाई नुसत्या बघायला आल्या. नाव उटे. उंच, केस पांढरे, पायात ट्रॅक्टरवाल्यासारखे बूट. येताच कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला! बाई मला आवडली.

मग अलीझासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. जर्मनमध्ये विचारायच्या, करिश्मा सांगायची. तुला दुकानात काय आवडतं? मी म्हणालो, तिला कापसाचा वास आवडतो. शाळा कशी आहे? मी म्हणालो, शाळा उत्तम, गणितात पंचाण्णव. मोठी होऊन काय होणार? मी म्हणालो, डॉक्टर. मागून सितारा म्हणाली, टीचर. रस्त्यावरून देवानंद ओरडला, "कलेक्टर बनवा तिले, कलेक्टर!"

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मुलाखत झकास झाली!

८ नोव्हेंबर

झकास कसली! करिश्माचा फोन आला. "चाचा, काल सगळे बोलले, अलीझा सोडून." त्या चॅनेलचा कायदाच आहे म्हणे — फिल्ममध्ये फक्त पोरं बोलतात, मोठ्यांनी बोलायचं नाही. कॅमेरासुद्धा पोरांच्या उंचीला लावतात. मोठ्यांचे नुसते हातपाय दिसले तरी चालतं त्यांना!

आणि अकोल्यात एक प्रणाली नावाची मुलगी पाहून ठेवली आहे त्यांनी. तिचे वडील झोपायच्या दोरीच्या बाजा विणतात. ती फाडफाड बोलते. आपली बोलली नाही, तर गाडी अकोल्याला जाणार.

घरी सगळ्यांना बजावलं — कुणीही मध्ये बोलायचं नाही! सितारा माझ्याकडे बघतच राहिली. "किस को बोल रहे? निकाह में काज़ी साहब ने पूरा पूछा भी नहीं था, और तुम क़ुबूल है बोल के बैठ गए थे।"

खरं आहे. घाई होती.

९ नोव्हेंबर

गप्प बसण्याचा सराव. दुकान उघडलं नऊला. सव्वानऊला मोडला.

१२ नोव्हेंबर

अलीझाच्या शाळेतल्या रामराव सरांनी जबाबदारी घेतली आहे. परवाच्या बालदिनाचं भाषण तिलाच दिलं, म्हणजे सवय होईल. दोन पानं पाठ करते आहे. पाठ झालं की धडाधड म्हणते. आता कसलीच चिंता नाही.

वही गल्ल्यात उलटी सापडली, दाभणाच्या डब्याखाली. मीच ठेवली असेन. वय झालं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शूटिंगचा पहिला दिवस. काय दिवस! क्रमानं लिहितो, नाहीतर विसरेन.

चार दिवस राबून आम्ही दुकान लख्ख केलं होतं. चुना मारला. जाळी-जळमटं काढली. परवेजनं सुट्टी घेऊन नाकाला रुमाल बांधून एकूण एक कापूस झाडला, पोती मागच्या खोलीत टाकली, मशीन चादरीनं झाकली. वर प्लास्टिकची फुलं. मी शेरवानी घातली. अलीझाला ईदचा शरारा. पाहुणे येणार म्हटल्यावर घर तसंच ठेवतं का कुणी?

उटेबाई आत आल्या आणि रडवेल्या झाल्या! करिश्मा म्हणाली, "चाचा, त्या विचारून राह्यल्या, कापूस कुठं गेला?"

मग काय, सगळी पोती परत आणली. बाई आणि कॅमेरावाला स्वतःच्या हातांनी दुकानभर कापूस उधळत होते! अर्धा इतवारा बघायला जमला. "गफ्फारभाई, लगन आहे काय?" परवेजला सतरा शिंका आल्या, मी मोजल्या. शेरवानी काढायला लावली, जुनी बंडी घालायला लावली. अलीझा शाळेच्या ड्रेसमध्ये. बारा वाजले तेव्हा दुकान पुन्हा दुकानासारखं दिसायला लागलं.

त्यात जेवणाचं. मी दह्यातला गिला वडा मागवला होता. देवानंदनं आग्रहानं कोथिंबिरीची सांभारवडी आणली, समोरच्यांनी शिरा. नाही म्हणायचं त्या लोकांना माहीतच नाही. कॅमेरावाला दोन वाजता नव्या रजईवर आडवा झाला आणि तीनपर्यंत उठला नाही. आमच्या मालाची याहून चांगली जाहिरात नाही!

चारला कॅमेरा लागला. बाईंनी विचारलं, तुझं नाव काय? अलीझा ताठ उभी राहिली, हात मागे बांधले — "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो!" आणि पूर्ण दोन पानं! बघायला आलेल्या रामराव सरांच्या डोळ्यांत पाणी. टाळ्या.

उटेबाईंनीही वाजवल्या. मग करिश्माच्या कानात काहीतरी बोलल्या. उद्या शेवटचा दिवस. उद्याही असंच झालं तर अकोला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मी बोललो नाही. खरंच! सकाळी गादी भरायला घेतली. कॅमेरा खाली, अलीझाच्या खांद्याशी. कापूस अंथरला, काठीनं सारखा केला, खोळीत भरला. तिसऱ्या कोपऱ्याला माझा चष्मा घसरला, मी थांबलो, तर अलीझानं माझ्या हातातलं दाभण घेतलं आणि कोपरा बंद केला. टाका सरळ. दोरा ताणला तोही बेतानं, खोळ चुरगळली नाही. मला हे जमायला दोन वर्षं लागली होती, अब्बांच्या टपल्या खात.

तिला कुणी शिकवलं? ओठांवर आलं होतं, गिळलं. बघून बघून शिकली असेल.

मग उटेबाई म्हणाल्या, मोठे सगळे बाहेर. सगळे म्हणजे सगळे; आत फक्त त्या, करिश्मा आणि कॅमेरावाला. शटर अर्धं खाली. मी समोरच्या पानठेल्यावर जाऊन उभा राहिलो. आपल्याच दुकानातून आपल्यालाच बाहेर काढलं! शटरखालून बाईंचे बूट दिसत होते आणि अलीझाच्या चपला. दहा मिनिटं चपला जोडून ठेवल्यासारख्या होत्या.  दोनदा रस्ता ओलांडायला निघालो, दोनदा पानवाल्यानं कॉलर धरली. "गफ्फारभाई, बोलू द्या न पोरीले!"

मग चपला हलायला लागल्या. मग आतून हसण्याचा आवाज आला. मग तिचाच आवाज — शब्द कळत नव्हते, पण थांबत नव्हता! एक तास! माझी नात एक तास बोलली आणि मी पानठेल्यावर उभा होतो.

शटर वर गेलं. करिश्मा डोळे पुसत होती, हसतही होती. उटेबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी म्हटलं. करिश्मानं सांगितलं, "गाडी अकोल्याले जाऊन नाही राहिली चाचा."

काय बोलली, विचारलं. "ते अलीझाले विचारा."

१७ नोव्हेंबर

विचारलं. म्हणाली, "टीव्हीवर पाहा न दादाअब्बा." टीव्हीवर मार्चमध्ये येणार. तेही जर्मनमध्ये!

१९ नोव्हेंबर

गिला वडा दोन प्लेट. खाल्ला. सिताराला सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

काय बोलली असेल? शाळेबद्दल? बापाच्या शिंकांबद्दल? आजोबा फार बडबडतात असं बोलली असेल, तर ते जर्मनीला कळलं तरी हरकत नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ७ तारखेचं पान परत वाचलं. बाईंनी तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं मी दिली. कापसाचा वास आवडतो म्हणालो. तिला आवडतो का? मी कधी विचारलंच नाही. बारा वर्षं मी तिला लाजाळू म्हणत आलो. मी थांबलोच नाही, तर ती बोलणार कधी? लाज वाटली. खरंच वाटली.

आज जेवताना ठरवून गप्प बसलो. पाच मिनिटं. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "दादाअब्बा, तब्येत बरी हाय न?" सितारा हसून हसून पाणी प्यायली.

२७ नोव्हेंबर

देवानंद येऊन जागा मोजून गेला. भला माणूस आहे, मशीनला हात लावण्याआधी मला विचारलं. रविवारी हो म्हणायचं. मग घरात सांगायचं. फिल्ममध्ये दुकान तर राहीलच. जर्मनीची पोरं बघतील आणि नऊला झोपतील.

२९ नोव्हेंबर, शनिवार

एका नवरीची गादी भरून दिली. कदाचित शेवटची. चारही कोपरे मी शिवले, पण अलीझाच्या त्या कोपऱ्यासारखा एकही झाला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

दादाअब्बा, मी अलीझा. तुमची वही मी वाचते. चौथीपासून. दाभणाच्या डब्याखाली ठेवता, आणि दाभण तर मी रोज घेते. तुम्ही नमाजला गेला की मी चिंध्यांच्या छोट्या गाद्या शिवते. मागच्या पोत्यात एकोणीस आहेत. रागावू नका.

तुम्ही वहीला सारखं विचारता म्हणून सांगते. उटेबाईंनी विचारलं, मोठी होऊन काय होशील. मी म्हणाली, गादीवाली. कॉलेज करीन, पण दुकान माझं. त्या म्हणाल्या, आजोबांना माहीत आहे का? मी म्हणाली, ते थांबले की सांगीन.

आत्ता तुम्ही दुपारच्या, असरच्या नमाजला गेलात तेव्हा देवानंद काका आले होते. म्हणाले, "चाचाचं काय ठरलं?" तुम्ही नव्हता, म्हणून तुमचं उत्तर मी देऊन टाकलं.