कारकुनासाठी दीड तास

तीर्थरूप काकांना,

व्हॅनच्या मागच्या दारात उभं राहून केलेला नमस्कार. (आत उभं राहता येत नाही. आत जे काही करायचं ते बसून, वाकून नाहीतर आडवं होऊन, आणि वडीलधाऱ्यांना आडवं पडून नमस्कार करणं मला बरं वाटेना.) तुमचे गुडघे आता कसे आहेत? सकाळचं फिरणं चालू असेल, आणि फिरताना भेटेल त्याला शहराच्या पाणीपुरवठ्याची माहिती देणंही चालू असेल. काकूंचा चष्मा कसा आहे? चष्म्याची चौकशी मुद्दाम करते आहे, कारण पुढे कळेल. आम्ही दोघी इथे खुशाल आहोत. दोघी म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. तुम्ही बरोबर वाचलंत, सासूबाई. ते ओघात येईलच.

मी कॉलेजची नोकरी सोडून व्हॅनमध्ये राहते आणि नदीतले मूळचे मासे मोजत फिरते, हे घरातल्या कुणीतरी तुमच्या कानावर घातलं असेल, आणि घालताना आवाज खाली केला असेल. खरं काय झालं ते मी सांगते. अकरा वर्षं मी प्राणिशास्त्र शिकवलं. त्या अकरा वर्षांत आमच्या प्रयोगशाळेत बाटलीतल्या एकाच माशावर सहाशे मुलांनी परीक्षा दिल्या. औषधात राहून राहून तो इतका पांढरा पडला होता की बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी त्याला मुळा समजून वनस्पतिशास्त्राच्या टेबलावर ठेवला होता. एके दिवशी एका मुलीने विचारलं, बाई, हा जिवंत असताना कुठल्या रंगाचा असतो? मला सांगता येईना. विभागप्रमुखांना विचारलं, त्यांनाही सांगता येईना. ते म्हणाले, प्रश्न अभ्यासक्रमात नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीत या नदीचं नाव आणि साठ वर्षांपूर्वीचं साल होतं. मी राजीनामा दिला, चिठ्ठीसकट बाटली मागून घेतली आणि निघाले. (त्या मुलीला उत्तर कळवलं आहे. तपकिरी, आणि पोटाशी सोनेरी.)

व्हॅन एका लाँड्रीवाल्याकडून घेतली. त्याने विकताना पांढरा रंग मारून दिला, पण एकच हात मारला, त्यामुळे जरा ऊन पडलं की खालची निळी अक्षरं वर येतात: सकाळी द्या, संध्याकाळी घ्या. जिथे गाडी उभी करावी तिथे लोक गाठोडी घेऊन हजर. मी मासे मोजते असं सांगितलं की थोडा वेळ कणवेने बघतात आणि मग विचारतात, बरं, पण ड्रायक्लीन करता ना? एका लॉजच्या व्यवस्थापकाने तर मागच्या मालकाने हरवलेल्या सहा चादरींसाठी माझ्याशी वाद घातला. संसार म्हणाल तर एक गादी, एक शेगडी, बाटलीतला मासा आणि एक मोठं घमेलं. घमेल्याचं वेळापत्रक दाराला चिकटवलं आहे, कारण सकाळी मासे मोजताना त्यात मासे असतात, दुपारी कपडे असतात आणि मधल्या वेळात आम्ही. वेळापत्रक एकदाच चुकलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही, सासूबाई हे पत्र वाचणार आहेत.

तर सासूबाई. त्या मला परत न्यायला आल्या होत्या. दोन दिवसांची पिशवी, तिच्यात दोन साड्या आणि मला ऐकवण्यासाठी दीड वर्ष साठवलेली वाक्यं. पहिल्या दिवशी काठावरच्या दगडावर बसून त्यांनी त्यातली निम्मी ऐकवली. मी कमरेएवढ्या पाण्यात होते, ऐकण्यावाचून इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज घमेल्यात डोकावून पाहिलं. मी वहीत लिहिलं होतं, पाच जाती. त्या म्हणाल्या, सहा आहेत, हा बघ, ह्याचं तोंड वेगळं, दिसत नाही का तुला? मी पट्टी लावली, भिंग लावलं, पुस्तक उघडलं. सहा होत्या. काका, चाळीस वर्षं एका नजरेत भाजी आणि नातेवाईक निवडलेली बाई आहे ती, आमच्या विद्यापीठात अशी नजर कुणाला नाही. दोन दिवसांचे सात आठवडे झाले. माझा नवरा आधी रोज फोन करून विचारायचा, आई कधी येणार? मग दोघींशिवाय घर किती शांत असतं ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण हल्ली तो फक्त गॅसचं पुस्तक कुठे आहे एवढंच विचारतो.

बाटलीतला मासा जिवंत सापडला तोही सासूबाईंनाच. जुन्या धरणाच्या खाली एक डोह आहे, कडेला गुडघाभर पाणी आणि चपटे दगड. (सगळी नदी मी वर-खाली तपासली. बाकी कुठेही नाही, या एका डोहात आहे. आणि या नदीबाहेर तो कुणाला कधी मिळाल्याची नोंद नाही.) इथल्या कोळ्याला मी विचारलं, तर तो म्हणाला जाळं रिकामं आहे. त्या रिकाम्या जाळ्यात मी एकतीस मासे मोजले. बोटाएवढा मासा, त्याला कोण विचारतो. सासूबाईंनी मात्र दगड उचलून पाहिला आणि म्हणाल्या, हा कारकून आहे. दगडाखाली एका जागी बसतो, समोर कुणी आलं तरी उठत नाही, एकदा वर बघतो आणि पुन्हा खाली मान घालतो. नाव तेच पडलं. चार दिवसांनी मला दगडाच्या खालच्या अंगाला चिकटलेली अंडी दिसली, साबुदाण्याहून बारीक. तो मासा म्हणजे बाप. मादी अंडी घालून निघून जाते आणि हा न खाता-पिता कल्ल्यांपाशी असलेल्या परांनी त्यांच्यावर पाणी मारत राहतो, दिवसचे दिवस. सासूबाई बराच वेळ पाण्यात हात घालून बसल्या. मग त्यांनी कारकुनाची मोठ्याने माफी मागितली. परत जायची गोष्ट त्यानंतर त्यांनी काढलेली नाही.

आता खऱ्या कारकुनांकडे वळते. मत्स्य खात्याचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. दाराशी मोठी काचेची टाकी आहे, तीत पाणी नाही, मासे नाहीत, जुन्या फायली आहेत. मासे मोजायच्या परवानगीच्या अर्जात पहिला रकाना: मोजावयाच्या माशांची संख्या. मी लिहिलं, मोजल्यावर कळेल. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. मग मी चारशे लिहिलं आणि परवानगी मिळाली. (कालपर्यंत चारशे बारा झाले. वरचे बारा आम्ही पाहिलेले नाहीत.) तिथेच कळलं की पंधरा तारखेला खातं याच डोहात परदेशी माशांची दहा हजार पिल्लं सोडणार आहे. ही पिल्लं वाटेत येईल ते खातात आणि अंडी त्यांना विशेष आवडतात. विणीचा हंगाम संपायला अजून महिना आहे. म्हणजे पंधरा तारखेला पिल्लं पडली की पंचवीस तारखेपर्यंत कारकून संपला. या नदीतून नाही काका, जगातूनच.

मी साहेबांना भेटले. साहेब माणूस सज्जन आहे, मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि ऐकूनही घेतलं. मग त्यांनी या नदीतल्या माशांची यादी काढली. यादीत पाच नावं, पाचही बाहेरून आणलेल्यांची, आणि खाली ‘इतर किरकोळ’. यादीत नाही तो मासा नदीत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. आहे असं माझं म्हणणं असेल तर तो इथलाच आहे याचा पुरावा लागेल. मी साठ वर्षांपूर्वीची बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, चिठ्ठीवर शिक्का नाही. दहा हजार पिल्लांचं मात्र सगळं व्यवस्थित आहे, जन्माची नोंद, आरोग्याचा दाखला, वाहतुकीचा परवाना. डोह तयार झाला तेव्हापासून जो इथे राहतो आहे, त्याने कधी कागद केले नाहीत, ही त्याचीच चूक. कारकुनाचं नाव यादीत घालायचा अर्ज मी त्याच दिवशी दिला. निकालाला आठ महिने लागतात.

पत्र लांबतंय, पण हा आपल्या घराण्याचा गुण आहे आणि तो कुणाकडून आला हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या लग्नात तुम्ही दोन शब्द बोलायला उभे राहिलात तेव्हा वाढलेली पानं गार झाली होती. शेजारच्या इमारतीच्या लिफ्टचं उद्घाटन केलंत तेव्हा पाचव्या मजल्यावरची मंडळी जिन्याने वर गेली, जेवली, भांडी घासून परत खाली आली, तरी तुम्ही नदीतून टाकीपर्यंतच पोचला होतात. असो.

एक गंमत सांगून संपवते. परवा आम्ही दोघी पाण्यात असताना कुणीतरी व्हॅनच्या दाराला एक कोट अडकवून गेलं, सोबत चिठ्ठी: पंधरा तारखेच्या आत हवा. मी म्हटलं राहू दे, आपण लाँड्रीवाले नाही. सासूबाई म्हणाल्या, विश्वासाने टाकलंय, नाही कसं म्हणायचं? कोट घमेल्यात घालण्याआधी त्यांनी खिसे तपासले (ही त्यांची जुनी सवय आहे आणि तिच्यामुळे माझ्या सासऱ्यांनी सिगारेट सोडली) आणि त्यात पंधरा तारखेच्या कार्यक्रमाचा कागद निघाला. कोट साहेबांचा होता. कागदावर नेहमीचंच, स्वागत, प्रास्ताविक, पाहुणे, मग पिल्लं सोडणे, आभार, चहा. कोट धुतला. बाकी सगळं ठीक. मी काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, बऱ्याच दिवसांत खुशाली कळवली नव्हती म्हणून लिहिलं. काकूंना नमस्कार.

तुमची,
मोजणारी पुतणी

ता. क. कागदावर पाहुण्यांचं नाव होतं. ते तुमचं आहे. ‘ज्येष्ठ पाणीपुरवठा अभियंता, प्रमुख पाहुणे, मनोगत, ५ मिनिटे.’ निमंत्रण एव्हाना आलं असेल आणि तुम्ही होकार दिला असेल. माझं म्हणणं वाचून नकार द्याल, म्हणून घाईने लिहिते, कृपा करून नकार देऊ नका. तुमच्या नावाखाली कंसात ‘न आल्यास’ म्हणून इथल्या दंतवैद्यांचं नाव आहे. तो माणूस समोरच्याला तोंड उघडायला लावतो, स्वतः मात्र दोन मिनिटांत आटोपतो.

ता. क. दुसरा. पिल्लांच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून सासूबाईंनी काढून घेतलेली माहिती: कार्यक्रम साडेदहाला. पिशव्यांतली हवा दुपारपर्यंत पुरते, पण बारा वाजले की पिल्लं सोडायची नाहीत, अर्ध्या तासावरच्या केंद्रात जिवंत परत न्यायची, असा खात्याचाच नियम आहे. आणि पंधरा तारखेनंतर वर्षभर या नदीत काही सोडायचं नाही, असा दुसरा नियम. तोवर माझ्या अर्जाचे आठ महिने होतात. म्हणजे प्रश्न दीड तासाचा आहे. तिथे उभे राहून तुम्ही खरं बोलायला लागलात तर माइक बंद पडेल. लांब बोललात तर कुणाची बंद करायची हिंमत होणार नाही, ही रीत तुम्हीच पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं पाहिली आहे. नदीच्या उगमापासून सुरुवात करा, आणि या वेळी एकही ओढा गाळू नका. साहेब घड्याळ दाखवतील. ते लांबूनही दिसेल, कारण कोट आटला आहे आणि बाह्या कोपरापर्यंत आल्या आहेत. तिकडे बघू नका.

ता. क. तिसरा, आणि हा फक्त तुम्हाला. तुम्ही बोलायला लागलात की सातव्या मिनिटाला काकू पहिल्या रांगेत चष्मा काढून पुसायला घेतात आणि तुम्ही वाक्य अर्ध्यावर टाकून खाली बसता. गेली नऊ वर्षं मी हे बघते आहे. काकूंना ती युक्ती मी शिकवली होती, लिफ्टनंतर. तेव्हा सगळे हसले होते, मीसुद्धा. तुमची अर्ध्यावर राहिलेली वाक्यं मला आता आठवतात आणि वाईट वाटतं. काकूंना मी वेगळी चिठ्ठी पाठवली आहे. पंधरा तारखेला चष्मा डोळ्यांवरच राहील. मी आणि सासूबाई पहिल्या रांगेत बसू. तुम्ही कुठे थांबलात, तर मी हात वर करून विचारेन, काका, मग पुढे काय झालं?