अब्बासची मान

मी, नंदकुमार यशवंत खैरनार, वय एकसष्ट, मूळ राहणार नाशिक, हल्ली मुक्काम अल खोर, कतार, धंदा पाइपलाइन तपासनीस, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीबद्दल ज्याला शंका असेल त्याने कलम तीन वाचून मग काय ते ठरवावं.

कलम १. नाशिकचं घर आणि बँकेतली शिल्लक पुतणी गार्गी हिला. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, काही नाही. माझ्या खोलीतल्या अब्बासला मी दिवाळीला घरी नेलं तेव्हा 'जेल भोगलेला माणूस' म्हणून त्याने वेगळं ताट मांडलं होतं. मी विसरलेलो नाही.

कलम २. वेल्डिंग गेज, टॉर्च आणि तपासणीचा आरसा कामावरच्या धवलला. तसाही तो न विचारता नेतोच.

कलम ३. अब्बासचा खाणीतला दगड त्याच्या बहिणीला. अब्बास पासपोर्टावर अबाझ, अल्बेनियाचा. शेजारच्या हजराभाभींनी त्याचा अब्बास केला. एकोणीस वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. रांगेत उभा असताना "पाव काळा आहे" एवढंच बोलला म्हणून कम्युनिस्ट सरकारने पोरवयात त्याला तांब्याच्या खाणीत धाडलं. रोजच्या ठरलेल्या गाड्या भरल्या नाहीत तर थंडीत खांबाला बांधायचे. खाणीतलं आम्लाचं पाणी अंगावरचे कपडे खायचं. पाच वर्षांची शिक्षा संपायला अकरा दिवस उरले, तेव्हा त्याच्याच जोडीने गाडी ढकलणाऱ्या कैद्याने, रहमानने, चुगली केली की हा परदेशी गाणं गुणगुणतो. मग छावणीच बंद पडेपर्यंत सुटका नाही. एकूण चौदा वर्षं. आपल्याकडे याला वनवास म्हणतात. वनात निदान झाडं तरी असतात.

अब्बास पहाटे पावणेपाचला पलंगाच्या पायथ्याशी हजेरीला उभा राहायचा, डोळे मिटून. मी "हजर" म्हटलं की पुन्हा झोपायचा. तो जाऊन तीन वर्षं झाली. पावणेपाचला मला अजून जाग येते, त्याचा पलंग करकरतो आणि मी "हजर" म्हणतो. मला भीती वाटते. कुणी मोजायला आलंच तर एक माणूस कमी भरेल.

कलम ४. अब्बास शेवटचा हॉस्पिटलात होता तेव्हा रहमानचं पत्र आलं, नातीने इंग्रजीत करून दिलेलं. माफी मागत होता. अब्बासच्या घशात नळी. मी पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, "माफ केलं म्हणून कळवू?" त्याने मान आडवी हलवली. दोनदा. मी "नाही" असं लिहून पाठवलं. उलट टपाली उत्तर आलं, "बरोबर आहे."

मागच्या वर्षी अब्बासची बहीण येऊन गेली. मी चहा विचारला, तिने मान आडवी हलवली. मी कप उचलायला लागलो तर म्हणाली, "अहो, आमच्यात याचा अर्थ हो." इथे आल्यावर लोकांचा घोटाळा नको म्हणून अब्बासने मान आपल्यासारखी करून घेतली होती; घरी गेला की पुन्हा त्यांच्यासारखी. मरताना तो इथे होता की घरी? मला माहीत नाही. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. माझ्या पश्चात गार्गीने रहमानला खरा प्रकार कळवावा.

कलम ४ मधली शेवटची सूचना रद्द. साक्षीला आलेल्या हजराभाभींनी ती वाचून कागद टेबलावर आपटला. "नंदूभाय, तुम्ही मेल्यावर धाडून काय उपेग? तो म्हातारा आधी गेला तर? यल्ला, आत्ताच लिवा!" त्यांचे मिस्टर सुफियानभाई "अगो, गप" म्हणाले. त्या गप्प बसल्या नाहीत.

पत्र आज रवाना केलं आहे. मजकूर असा: "मी त्याला विचारलं. त्याने मान उजवीकडून डावीकडे, दोनदा हलवली. तुम्ही दोघं एका मुलखाचे, अर्थ तुम्हीच लावा. 'नाही' हा शब्द माझा होता."

यातला शब्दन् शब्द खरा आहे. कँटीनमध्ये नको असलेल्या डाळीला अब्बास एकोणीस वर्षं अशीच मान हलवायचा, एवढी ओळ मी मुद्दाम गाळली. त्या गाळलेल्या ओळीचा मालक मी एकटा. ती वारसाहक्काने कुणाकडेही जाणार नाही.

लिहून देणार: नंदकुमार यशवंत खैरनार (सही)

आमच्यासमोर लिहिलं, आमच्यासमोर खोडलं:
१. हजरा सुफियान (सही)
२. सुफियान (सही)

अल खोर, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५