पात्यांची धार

ता. ४ मार्च

चि. टिल्लू यास,
अ. उ. आ.

सहा फुटांचा झालास तरी माझ्यासाठी टिल्लूच. तुझ्या पत्राआधी बर्फावरच्या तुमच्या तळाच्या प्रमुखांचं पत्र पोचलं, पाठोपाठ ड्रिलची पातीही. साडेतीनशे मीटरवर ड्रिल बर्फात अडकलं, ते सोडवण्यात सगळा मोसम गेला, आणि कारण लिहिलंय, पाती बोथट. धार मीच लावली होती, तेव्हा चूक माझीच, असं सही करून कळवलं. सव्वीस वर्षांत माझ्या हातचं काम परत आलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये मान वर करवत नाही. ग्राइंडरवर आता दुसरी बाई बसते.

पुढच्या वर्षी खोल जाणाऱ्या नव्या ड्रिलला जास्त कठीण पाती लावणार आहेत म्हणे, बाकी सगळं आहे तसंच. तुझ्यावर ठपका नाही ना, तेवढं कळव. पायमोजे कोरडे ठेव.

काळजी करणारी,
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली, त्यांत नुसतं हवामानच होतं.

पाती बोथट नव्हती. बर्फ कापताना निघणारा चुरा ड्रिलच्या नळीत साठतो. दर मीटरला ड्रिल वर घ्यायचं, बर्फाची कांडी काढायची, नळी रिकामी करायची, मगच पुन्हा खाली. तळाचा बर्फ वितळायच्या बेतात असतो, चुरा चिकटतो, म्हणून हा नियम. त्या दिवशी दुसऱ्या पाळीनं आमच्यापेक्षा तीन मीटर जास्त काढले होते. मला चेव आला. एका दमात दीड मीटर कापलं, नळी तुंबली आणि ड्रिल जागीच गोठलं. प्रमुखांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "पातीच चालेनात." तू लांब होतीस ताई, म्हणून ते जमलं. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

नव्या ड्रिलला मोठी नळी हवी, आणि चुरा किती साठला ते वर दाखवणारा काटा. नाहीतर तेही अडकेल, आणि तितक्या खोलवरून परत येणार नाही. प्रमुखांसाठी कबुली सोबत जोडली आहे. तू म्हणशील तर ती त्यांच्याकडे जाऊ दे.

तुझ्या मायेला न शोभणारा,
टिल्लू

ता. २ एप्रिल

चि. टिल्लू यास,
अ. उ. आ.

'तू म्हणशील तर' वाचून चार दिवस तुझं तोंड पाहू नये असं वाटलं.

पण माझंही ऐक. पाती आली त्याच दिवशी मी ती भिंगाखाली धरली होती. धार जशीच्या तशी होती, आणि ड्रिल तुझ्या पाळीत अडकलं हे प्रमुखांच्या पत्रात होतंच. कुणाचं चुकलं ते मला तेव्हाच कळलं. तुझ्या नोकरीसाठी शब्द मी टाकला होता, म्हणून दोष अंगावर घेतला आणि वर तुझ्यासाठी केवढं सोसते म्हणून मनात स्वतःचं कौतुकही करून घेतलं. नवं ड्रिल चुकीचं बनतंय हे दिसत असूनही गप्प बसले. तू घाबरून एक वाक्य बोललास. मी मात्र शांतपणे बसून, नीट अक्षरात खोटं लिहिलं.

तुझ्या कबुलीखाली माझी लिहून दोन्ही आज प्रमुखांना पाठवल्या. तळ आवरून झाला की सरळ घरी ये. मला तोंड दाखवायला लाजू नकोस, मलाही तुला तोंड दाखवायचंय.

आहे तशीच माया ठेव.
तुझी,
ताई