साखराबाईची जागा

मु. आष्टी, चैत्र वद्य ४, शके १८५६

चि. वच्छलास, हक्क उरला असेल तर दादाचा आशीर्वाद.

दुष्काळात आपले पूर्वज गोदावरी उतरून शहागडहून आष्टीला आले, तेव्हा गाडीत जागा नाही म्हणून म्हाताऱ्या साखराबाईला वाटेत बाभळीखाली सोडलं. म्हणून दर चैत्रात आपली भाऊकी त्याच वाटेनं गाड्या आणते आणि पहिल्या गाडीत घोंगडी अंथरून तिची जागा रिकामी ठेवते. परवा पहिली गाडी माझी होती.

दुपारी तुझी वहाण तुटली. फुफाट्यात पाय भाजत होते. तू गाडीशी येऊन म्हणालीस, "दादा, जरा टेकू का?"

"ती जागा आजीची हाय, वच्छला."

तू हसलीस. "मंग आजीला सांग, वच्छी बी मागंच राह्यली म्हणून."

तू बाभळीखाली बसलीस. मी बैल थांबवले नाहीत. तिथूनच तू सासरी निघून गेलीस, असं मागाहून कळलं.

तुला मी रीत सांगितली, पण खरं कारण ते नव्हतं. पहिल्या गाडीत विधवा बसलेली पाहून भाऊकी काय म्हणेल, याची मला भीती वाटली.

आज देवापुढं साखराबाईचा नैवेद्य ठेवताना ध्यानात आलं, की तीही विधवाच होती. मला हात जोडवले नाहीत.

हे पत्र टपालात टाकणार नाही. टाकलं तर ते वाचून तू माफ करशील, आणि मग तुझ्या दारी यायचं मी टाळीन. गाडी जुंपली आहे. घोंगडी काढलेली नाही.

तुझ्याच वाटेला लागलेला,
पुंजाराम