चार फुटांचा छज्जा

४ एप्रिल
आई अखेर माझ्याकडे राहायला आली. नऊ वर्षं दादाकडे होती. तिची अट एकच: तिच्या दक्षिणेच्या खोलीत उन्हाळ्यात ऊन नको आणि थंडीत गुडघ्यांवर ऊन हवं. डिसेंबरात बघेन म्हणाली. ऊन आलं तर इथेच, नाहीतर थोरल्याकडे परत. खिडकीवर छज्जाच नाही. डिझाइन मी स्वतः करणार. दहावीला भूमितीत पैकीच्या पैकी होते. जवळजवळ.

९ एप्रिल
गवंडी आला. खिडकी तीन फूट उंच, छज्जा दीड फूट पुरे म्हणाला. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, थंडीत खाली, म्हणून दीडच. मी मान डोलावली. ऐकावं जनाचं, करावं मनाचं. संध्याकाळी दादाला फोन केला. त्याचा छज्जा म्हणे तीन फुटांचा.
आपला चार.

११ एप्रिल
बायकोनं विचारलं, थंडीचं गणित केलंस का? सांगितलं, थंडीचं थंडीत बघू.

२८ एप्रिल
छज्ज्याचा स्लॅब टाकून झाला. गवंडी जाताना म्हणाला, आता कमी करता येणार नाही, साहेब. कमी करायचाय कुणाला?

२१ जून, दुपारी १२
कवडसासुद्धा नाही! आई गाढ झोपली. दादाला फोटो पाठवला. त्यानं नुसता अंगठा पाठवला. जळतोय.

२ नोव्हेंबर
आईच्या खुर्चीपाशी खडूनं रेघ मारली. ऊन इथपर्यंत येणार.

१९ नोव्हेंबर, १२.१०
आलं नाही. घड्याळ पुढे असेल.

३ डिसेंबर
ऊन खिडकीच्या खाली, बाहेरच्या भिंतीवर. आत यायचं नाव नाही. आई स्वेटरवर शाल घेऊन बसते.

७ डिसेंबर
समोरच्या कुंपणावर आरसा टांगला. ऊन वळलं, पण समोरच्या बाईंच्या डोळ्यांत. त्या जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

१४ डिसेंबर
वरच्या मजल्यावरून वाकून पाहिलं. सगळं ऊन छज्ज्यावर. वरच्या काकूंनी तिथे उशा वाळत घातल्यात. म्हणाल्या, छज्जा बांधलात ते फार बरं केलंत.

१९ डिसेंबर
आईनं बॅग काढली. मी हात जोडले. म्हटलं, सूर्य अजून खाली उतरतोय, चार दिवस थांब. थांबली. रेघ पुसट झाली होती, पुन्हा मारली.

२२ डिसेंबर
पेपरात आलंय, सूर्य सगळ्यात खाली होता तो काल. आजपासून वर चढणार. पेपर आईपासून लपवला. तिनं तो आधीच वाचला होता. म्हणाली, "तू मायेनंच केलंस रे. पण गुडघ्यांना माया कळत नाही, ऊन कळतं."

२४ डिसेंबर
आईला दादाकडे सोडलं. खिडकीतून ऊन थेट तिच्या मांडीवर. चहा यायच्या आत डोळा लागला तिचा. टेप खिशातच होता. बाहेर जाऊन छज्जा मोजला.
दीड फूट.
दादाला जाब विचारला. म्हणाला, फोनवर कोण टेप लावून बोलतं?
भांडणारच होतो. तेवढ्यात आई जागी झाली, जरा सरकली आणि म्हणाली, "ये, बस इथे. गारठलायस नुसता."
बसलो. महिन्याभरात पहिल्यांदा पाठ शेकली.