बाबांच्या हाताला बसेल अशी बग्गी

शिझुओका, ३ ऑक्टोबर १९८८

ती. रेइजीदादास,
मिहोकोचा सा. न. वि. वि.

फोन बाबांच्या उशाशी आहे, म्हणून पत्र. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसणारे बाबा परवा अचानक बोलले. रिमोटवरच्या छोट्या गाड्यांच्या क्लबच्या शर्यतीत उतरणार म्हणाले. पाच मिनिटं बग्गी शेवटपर्यंत नेता आली नाही, तर रिमोट क्लबला देऊन टाकणार आणि पुन्हा मैदानात पाय ठेवणार नाही. आई म्हणाली, झालं, म्हणजे परत ती भिंत आहेच.

काल सरावाला नेलं. उजवा हात उशिरा वळतो, आणि वळतो तेव्हा नको इतका वळतो. बग्गी गर्रकन फिरते, उंचवट्यावरून उडाली की उताणी. मला बघवलं नाही रे.

शर्यत सोळाला, रविवारी. ही गाडी तुझ्याइतकी कुणाला कळत नाही. साप्पोरोत बसून नुसता उपदेश करू नकोस, उपाय सांग. माया असेल तर ती लवकर टपालात टाक.

तुझी मिहोको


साप्पोरो, ६ ऑक्टोबर

चि. मिहोकोस,
अनेक आशीर्वाद.

बाईसाहेब, उपदेश फुकट असतो म्हणून करतो. मागच्या खेपेला तू टायर उलटे चढवले होतेस, तेव्हा या वेळी नीट वाच.

बाबांची बग्गी फार तल्लख आहे, जराशा खुणेला वळते. चांगल्या हाताला ती मजा, आत्ताच्या हाताला शिक्षा. पुढच्या शॉकमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्यांत, जाड तेल भर. मागे जरा मऊ स्प्रिंगा घाल. रिमोटवर चाकांचं वळण कमी कर. मग गाडी वळणावर थोडी बाहेर जाईल, पण फिरणार नाही. एका वेळी एकच बदल कर आणि दर वेळी डाव्या हाताने चालवून बघ. तुझ्या उजव्या हाताला सगळंच छान वाटेल.

बाबांना मात्र कळू देऊ नकोस. ते रागावले तर मी ऐकून घेईन, पण पुन्हा गप्प झाले तर काय करायचं, मला सुचत नाही.

आईला नमस्कार, तुला थोडा लोभ आणि बाकी टोमणे.

रेइजी


शिझुओका, १५ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न.

घात झाला. तू सांगितलंस तसं सगळं केलं. गुरुवारच्या सरावात गाडी एकदाही फिरली नाही. बाबा इतके खूश की येताना टपरीवर दोनदा गरम ओदेन मागून खाल्लं.

आज त्यांनी बग्गी वीतभर उचलून टेबलावर सोडली. दर शर्यतीआधी ते हेच करतात, आणि आपण दोघंही शहाणे नेमकं तेच विसरलो! मागचा भाग पटकन बसला, पुढचा रेंगाळला. त्यांनी पुन्हा सोडून बघितली. मग माझ्याकडे बघितलं. हत्यारांची पेटी घेऊन आत गेले आणि दार लावलं.

जेवायला आले नाहीत. आई विचारते आहे, तू काय केलंस म्हणून. दादा, मला फार भीती वाटते आहे. उद्या ते मैदानात येतील की नाही, तेही माहीत नाही. आमची आठवण ठेव.

मिहोको


शिझुओका, १७ ऑक्टोबर

चि. रेइजीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर किड्यामुंग्यांसारखं आलंय, चालवून घे.

तुमचे उद्योग कळले. गुरुवारी मला वाटलं, हात सुधारला. तुझ्या आईला तसं सांगून बसलो. तेल कुणी बदललं याचा राग नाही. मला खोटा आनंद दिलात, त्याचा आला. म्हणून दार लावून मी सगळं होतं तसं केलं. एका हाताने. अर्धं तेल चटईवर गेलं, त्याबद्दल आईकडून ऐकून घेतलं.

काल दुसऱ्याच फेरीत गाडी उताणी झाली. त्या वळणावर उलटलेल्या गाड्या सरळ करायला मिहोको उभी होती. पोरगी किती वेळा धावली, देव जाणे. रडत होती, पण गाडी ठेवताना दर वेळी तोंड बरोबर दिशेला. पाच मिनिटांची शिट्टी झाली तेव्हा बग्गी चालूच होती. सर्वांत शेवटचा आलो. रिमोट घरी आणला आहे.

हात आता इतकाच राहणार. तुम्हाला ते आधी कळलं, मला काल कळलं. तेव्हा जाड तेल भरायलाच हवं, पण मी शेजारी बसलेला असताना, मला विचारून. नव्या वर्षाला घरी ये. आधी माझा हात कसा वळतो ते नीट बघ, मग गाडी उघडू.

तब्येत सांभाळ. लोभ आहे, तो इथून पुढे उघडपणे करू या.

तुझा बाबा